पाय दुखतात, तरी दिवसभर बूट घालावे लागतात? कामाचे बूट असे निवडा

बूट घ्यायला गेल्यावर बहुतेक जण तीनच गोष्टी करतात. नेहमीचा नंबर सांगतात, आतली गादी बोटाने दाबून बघतात आणि दुकानात चार पावलं चालून बघतात. पाय धडधाकट असतील तर एवढ्यावर भागतं. पण टाच दुखते, अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली आहे, चवड्याखाली आग होते किंवा मधुमेहामुळे तळव्याला नीट जाणवत नाही, अशा माणसाला हाच बूट आठ-दहा तास पायात ठेवायचा असतो. त्याच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी फसव्या निघतात. नंबर कंपनीगणिक बदलतो, फार मऊ गादी वजनाखाली चेपून सपाट होते आणि चार पावलांत कुठलाच बूट चावत नाही.

माझं मत आधीच सांगतो. दुखऱ्या पायाला मऊ बुटापेक्षा मापाचा बूट जास्त आराम देतो. माप म्हणजे लांबी, रुंदी आणि आतली खोली, तिन्ही. गादीचा विचार त्यानंतर.

जुने बूट काय सांगतात

नवीन बूट शोधण्याआधी सध्याचा जोड टेबलावर ठेवा आणि मागून बघा. टाचेचा सोल बाहेरच्या कडेला थोडा जास्त झिजलेला असणं स्वाभाविक आहे, कारण चालताना टाच तिथूनच आधी टेकते. आतली कड जास्त झिजली असेल आणि बूट आतल्या बाजूला कलला असेल, तर पाऊल आत कोलमडतंय. सपाट पायांच्या माणसांत हे नेहमी दिसतं.

आता वरून बघा. करंगळीच्या किंवा अंगठ्याच्या बाजूचं चामडं सोलच्या कडेबाहेर फुगून आलं असेल, तर बूट अरुंद होता. लांबी बरोबर असूनही बोटं मुठीसारखी आवळून बसत असणार. आतली गादी काढता येत असेल तर काढा. तिच्यावर बोटांचे ठसे उमटलेले असतात. पुढच्या बोटांचे ठसे गादीच्या अगदी टोकाला गेले असतील, तर लांबीही कमी पडत होती. अस्तर जिथे फाटलंय तिथे पाय घासत होता. हा जोड दुकानात सोबत न्या. जाणकार विक्रेत्याला त्यावरून बरंच कळतं.

दुखणं नेमकं कुठे आहे

“पाय दुखतात” एवढ्यावरून बूट निवडता येत नाही. एका पावलात २६ हाडं आणि तीसहून जास्त सांधे असतात, आणि एका जागेला आराम देणारा बूट दुसऱ्या जागेला त्रास देऊ शकतो. खुर्चीवर बसा, पाऊल मांडीवर घ्या आणि अंगठ्याने टाचेपासून बोटांपर्यंत दाबत जा. दुखरी जागा सापडेल.

टाचेखाली, जरा आतल्या बाजूला दुखत असेल आणि सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली पावलं टाकताना कळ येत असेल, तर बहुधा प्लांटर फॅसायटिस आहे, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या जाड पट्ट्याचं दुखणं. (एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरून जाऊ नका. काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या टाचेतही ते वाढलेलं असतं.) इथे अगदी सपाट, पातळ सोल टाळा. टाच चवड्यापेक्षा सेंटिमीटरभर उंच असलेला, कमानीखाली टणक आधार देणारा आणि मधोमध न दुमडणारा बूट हवा. टाचेच्या मागे, पोटरीची शीर जिथे जोडलेली असते तिथे दुखत असेल, तरी थोडी उंच टाच बरी पडते. मात्र तिथे हाडाला उंचवटा असेल तर बुटाची मागची कड मऊ आणि आडवी शिवण नसलेली बघा.

चवड्याचं गणित उलटं आहे. टाच जितकी उंच, तितका भार पुढे सरकतो. त्यामुळे चवडा दुखणाऱ्याने टाच शक्य तितकी कमी उंचीची ठेवावी. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये खडा रुतल्यासारखं वाटत असेल, बोटांत मुंग्या येत असतील आणि बूट काढल्यावर बरं वाटत असेल, तर दोन हाडांमध्ये नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. याला मॉर्टन न्यूरोमा म्हणतात. या पायाला सगळ्यात आधी रुंदी लागते. पुढे जाड, टणक आणि होडीच्या तळासारखा वर वळलेला सोल असेल तर पाऊल त्यावरून पुढे घरंगळतं आणि चवडा फार वाकावा लागत नाही. अशा सोलला रॉकर सोल म्हणतात. अंगठ्याचा सांधा आखडलेल्या माणसालाही तोच उपयोगी पडतो.

अंगठा आतल्या बोटांकडे झुकून मुळाशी गाठ आली असेल, म्हणजे बनियन असेल, तर पुढचा भाग रुंद हवा आणि गाठीवर येणारा भाग मऊ चामड्याचा किंवा ताणणाऱ्या कापडाचा हवा. तिथे शिवण, सजावटीची पट्टी किंवा लेसचं पहिलं भोक आलं तर बूट कितीही महागडा असो, परत ठेवा. बोटं आकड्यासारखी वाकली असतील किंवा त्यांच्यावर कुरूप झालं असेल, तर नुसती रुंदी पुरत नाही, पुढे उंचीही लागते. बूट घालून बोटं वर उचलून बघा. वरचं चामडं लगेच लागलं तर तो जोड तुमचा नाही.

सपाट पायांना टाचेची मागची वाटी टणक आणि आतली बाजू भक्कम लागते. उंच कमानीच्या पायाचा भार टाच आणि चवडा या दोनच जागी पडतो, म्हणून त्याला चांगली गादी लागते आणि वरच्या बाजूला लेस आवळून बसणार नाही इतकी मोकळीक. संधिवात असेल तर बूट हलका, तोंडाशी बराच उघडणारा आणि वेल्क्रोचा घ्या. दुखऱ्या बोटांनी लेस बांधण्याची कसरत रोज कशाला?

पाय मोजा, दोन्ही

प्रौढपणीही पावलाचं माप बदलतं. वय, वजन आणि गरोदरपण यांनी पाऊल लांबतं, पसरतं. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा नंबर डोक्यातून काढून टाका.

मोजमाप संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय सुजतात. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून बाह्यरेषा काढायला सांगा. स्वतः वाकून काढली तर भार पुढे जातो आणि रेषा चुकते. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. हे बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट पुढे असतं. मग चवड्याची सर्वांत रुंद जागा मोजा. दोन्ही पावलं मोजा. सहसा ती सारखी नसतात. बूट मोठ्या पावलाच्या मापाचा घ्यायचा आणि लहान पावलात गरज पडल्यास पातळ गादी घालायची.

दुकानात सरकत्या पट्ट्यांचं धातूचं मोजपट्ट असेल तर उत्तम. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात बनवलेलं हे साधन आजही चालतं, कारण ते टाच ते बोट आणि रुंदी यांच्या जोडीला टाच ते चवडा हे अंतरही मोजतं. दोन माणसांची पावलं सारख्याच लांबीची असली तरी एकाची बोटं आखूड आणि दुसऱ्याची लांब असू शकतात. बूट जिथे वाकतो तिथेच पाऊल वाकलं पाहिजे. नाहीतर कमानीचा आधारही भलत्याच जागी येतो.

आता नंबरांची भानगड. युरोपीय पद्धतीत एका नंबराचा फरक सुमारे ६.७ मिलिमीटर असतो, तर ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतींत एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. ब्रिटिश आणि अमेरिकन नंबरांची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून होत असल्यामुळे त्यांचे आकडेही जुळत नाहीत. रुंदी अक्षरांत दिलेली असते. अमेरिकन पद्धतीत पुरुषांसाठी ‘डी’ ही सर्वसाधारण रुंदी, ‘टू-ई’ रुंद आणि ‘फोर-ई’ अतिरुंद; बायकांसाठी ‘बी’ सर्वसाधारण आणि ‘डी’ रुंद. इतरत्र ही अक्षरं वेगळ्या अर्थाने वापरतात. म्हणून ऑनलाइन मागवताना नंबरापेक्षा कंपनीने दिलेल्या तक्त्यातले सेंटिमीटर बघा. रुंदी कमी पडते म्हणून एक नंबर मोठा घेणं हा सर्रास चालणारा उपाय आहे, पण त्याने टाच सुटते, पाय पुढे घसरतो आणि बोटं पुन्हा टोकाला जाऊन आदळतात. त्याच लांबीत रुंद माप मागा. मिळत नसेल तर कंपनी बदला.

काम कसलं आहे?

बैठं काम करणाऱ्याला आणि दिवसभर उभं राहणाऱ्याला एकच बूट सुचवण्यात अर्थ नाही. टेबलाशी बसणाऱ्यांना फॉर्मल दिसणारा पण पुढून गोल, रुंद आणि लेसचा बूट बहुतेक वेळा पुरतो. टोकदार बूट आणि नुसते पाय सरकवून घालायचे बूट दुखऱ्या पायांनी विसरावेत. ज्याला वरून काही पकड नाही, तो बूट पायात टिकवण्यासाठी बोटं नकळत आवळली जातात, आणि दिवसअखेर चवडा आणि पोटऱ्या भरून येतात. मागे पट्टा नसलेल्या क्लॉगलाही हेच लागू.

दुकान, वर्ग, रुग्णालय, स्वयंपाकघर, कारखाना अशा ठिकाणी कठीण फरशीवर उभं राहणाऱ्याला जाड आणि चिवट मधला थर, म्हणजे आतली गादी आणि खालचा सोल यांच्यामधला फोम, हवा. ईव्हीए फोम हलका असतो पण लवकर चेपतो. पॉलियुरेथेन जड असतो पण जास्त टिकतो. हातात घेतल्यावर पाय बुडेल इतका मऊ वाटणारा मेमरी फोम खरेदी करताना फार मोह पाडतो. वजनदार माणसाखाली तो दबून तळाला लागतो आणि पावलाला स्थिर आधार मिळत नाही. ओल्या, तेलकट फरशीवर घसरणार नाही असा रबरी सोल बघा. ज्याला आधीच तोल सांभाळावा लागतो, त्याच्यासाठी ही पहिली अट समजा.

सेफ्टी शूज सक्तीचे असतील तर जास्त जपून घ्या. आयएसओ २०३४५ या मानकाच्या बुटांत पुढची टोपी २०० जूलचा आघात सोसेल अशी असते. ती स्टीलची असो वा कंपोझिटची (म्हणजे धातूऐवजी प्लास्टिक-तंतूंच्या मिश्रणाची), ताणून सैल होत नाही. “वापरून वापरून बसेल” हे चामड्याच्या रुंदीबाबत थोडंफार खरं आहे, टोपीबाबत अजिबात नाही. बोटांना किंवा गाठीला टोपीची कड लागत असेल तर रुंद साच्याचा जोडच हवा. कंपोझिट टोपी हलकी असते, पण बहुधा जाड, त्यामुळे आतली जागा तपासूनच घ्या. आणखी एक मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. अशा बुटात आपल्या मनाने बाहेरची जाड गादी घातली तर पाऊल वर उचललं जाऊन टोपीखालची जागा कमी होते आणि बुटाचा अँटिस्टॅटिक गुणही, म्हणजे अंगावर स्थिर वीज साठू न देण्याचा गुण, जाऊ शकतो. कंपनीने त्या बुटासाठी मान्य केलेलीच गादी वापरा. तुमच्या कामाला टोपीची गरज नसेल, फक्त न घसरणारा बूट पुरत असेल, तर आयएसओ २०३४७ चे बूट विनाटोपीचे असतात. सुरक्षा अधिकाऱ्याला ते चालतील का विचारा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली की असं बोलणं सोपं जातं.

हातात घेऊन तीन तपासण्या

बूट पायात घालण्याआधी टाचेची मागची वाटी दोन बोटांत धरून दाबा. सहज चेपली तर ती टाचेला धरून ठेवणार नाही. मग टोक आणि टाच धरून बूट वाकवा. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर नको. (अंगठा आखडलेला असेल तर जवळजवळ न वाकणाराच शोधा.) शेवटी कपडा पिळतात तसा पिळून बघा. थोडा पीळ बसला तर हरकत नाही, पार दोरी झाली तर आधार शून्य.

मग आत हात घालून अस्तर चाचपा. एखादी उंच शिवण, खिळ्याचं टोक, गोंदाचा कडक गोळा बोटाला लागेल, डोळ्याला दिसणार नाही. गादी निघत असेल तर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. पाऊल कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट घालून बघायचीही गरज नाही.

पायात घालून

दिवस कलल्यावर जा. कामावर घालता तेच मोजे न्या, आणि डॉक्टरांनी खास गादी दिली असेल तर तीही. मूळ गादी काढूनच ती घालायची, एकावर एक नाही. दोन्ही बूट घाला, लेस नीट बांधा, उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर किंवा किंचित जास्त जागा राहिली पाहिजे. चवड्यावरचं चामडं चिमटीत जेमतेम धरता यावं. ताणून चकाकत असेल तर अरुंद, घडी पडत असेल तर सैल. चालताना टाच मागून फार उचलली जाऊ नये. दुकानात उतार किंवा पायरी असेल तर उतरून बघा, बोटं पुढे आदळतात का ते तिथेच कळतं. निदान दहा मिनिटं पायात ठेवा, आणि विक्रेता घाई करत असेल तर करू द्या.

घरी आणल्यावर लगेच आठ तासांची पाळी करू नका. आधी घरात, स्वच्छ फरशीवर तासभर घाला, म्हणजे बदलून घ्यायचा मार्ग खुला राहतो. काढल्यावर पावलं बघा. लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागी दाब पडतोय. रोज तास-दोन तास वाढवत न्या.

बारीकसारीक जुळवाजुळव

बूट जवळपास बरोबर असेल तर लेसने पुष्कळ साधतं. पावलाची वरची बाजू उंच असेल तर त्या जागी लेस आडवी न नेता दोन्ही कडांनी सरळ वर न्या. गाठीजवळचं भोक सोडून द्या. टाच सुटत असेल तर सर्वांत वरच्या जादा भोकांतून दोन्हीकडे छोटे फास करून समोरची लेस त्यांतून ओवा आणि खाली ओढून आवळा.

चवडा दुखणाऱ्यांसाठी चिकटवायची छोटी उशी मिळते, मेटाटार्सल पॅड. बहुतेक जण ती दुखऱ्या जागेखालीच चिकटवतात आणि दुखणं वाढलं म्हणून फेकून देतात. ती त्या जागेच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला बसवायची असते, म्हणजे भार तिच्यावर येतो आणि दुखरं हाड सुटतं. जागा शोधायची सोपी युक्ती अशी: अनवाणी पायाच्या दुखऱ्या ठिपक्यावर लिपस्टिक लावा, बूट घालून उभे राहा, गादीवर ठसा उमटेल. उशीची पुढची कड त्या ठशाच्या थोडी मागे ठेवा. आधी कच्ची चिकटवून दोन दिवस चाला, मग पक्की करा.

चामड्याचा बूट एकाच जागी टोचत असेल तर बूट दुरुस्त करणारे कारागीर साच्याने तेवढीच जागा ताणून देतात. रुंदी वाढते, लांबी वाढत नाही. कृत्रिम चामड्यात फारसा फरक पडत नाही.

मधुमेह असेल तर नियम वेगळे

तळव्याची जाणीव कमी झालेल्या माणसाला नेहमीच्या मापाचा बूट सैल वाटतो, आणि “आता कसा छान बसला” असं ज्याला वाटतं तो बहुधा घट्ट असतो. पाय जे सांगतो त्यावर इथे भरवसा ठेवता येत नाही. मोजपट्टीवर आणि डोळ्यांवर ठेवायचा. आतली लांबी पावलापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त, पुढे रुंदी आणि उंची भरपूर, अस्तर शक्यतो बिनशिवणीचं, लेस किंवा वेल्क्रो. रोज बूट घालण्यापूर्वी तो उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. मोजे फिक्या रंगाचे घाला, रक्त किंवा पाणी आलं तर लगेच दिसतं. रोज रात्री तळवे आरशात किंवा दुसऱ्याकडून बघून घ्या. आधी जखम होऊन गेली असेल किंवा पावलाचा आकार बदलला असेल, तर दुकानातला बूट नको. डॉक्टरांच्या सल्ल्याने मापाने बनवून घ्या.

फोड किंवा जखम झाली तर बूट बदलून वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. एकच पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं असेल तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. मधुमेहात हाडं आतून खचू लागल्याची ती खूण असू शकते, आणि तोवर त्या पायावर भार देऊ नये. मधुमेह नसलेल्यांनीही बधिरपणा वाढत असेल, बोटांचा रंग बदलत असेल किंवा योग्य बूट वापरूनही काही आठवड्यांत दुखणं कमी होत नसेल, तर नवीन बुटावर पैसे घालवण्याआधी तपासून घ्यावं.

किती दिवस चालवायचे?

शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. घामाने ओला झालेला बूट पूर्ण वाळायला दिवस लागतो आणि फोमलाही उसळून यायला वेळ मिळतो. दोन जोड वेगळ्या घडणीचे असतील तर रोज त्याच जागी दाब पडत नाही. काहीजण पाळीच्या मध्यावर बूट बदलतात. चवडा दुखणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो.

वरून बूट नवा दिसतो म्हणून तो चांगला आहे असं समजू नका, आधी मधला थर मरतो. बाजूने बघा. फोमवर आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या असतील, अंगठ्याने दाबल्यावर तो दगडासारखा लागत असेल, किंवा सपाट टेबलावर ठेवलेला बूट एका बाजूला कलत असेल, तर त्याचे दिवस भरले. खरेदीची तारीख जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. बरं झालेलं दुखणं काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतं, तेव्हा आधी ती तारीख बघा.